मुका माज

१४ ऑगस्ट

दोन आठवड्यांची रजा टाकून आलेय. दादा तीन आठवडे राहून काल परत गेला. जाताना म्हणाला, "आता तुझी पाळी." आजारी माणसाजवळ राहण्याच्या पाळ्याच असतात हे खरं, पण ऐकायला बरं वाटलं नाही.

आप्पांची उजवी बाजू गेलीय. हात पूर्ण, पाय थोडा वळतो. तोंडातून एकच शब्द येतो, "उद्या". पाणी हवं असलं तरी उद्या, उशी टोचली तरी उद्या. मी दारात उभी राहिले तेव्हा माझ्याकडे बघूनही तेच. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले की असं होतं, एखादाच शब्द शिल्लक राहतो, त्याला अर्थ नसतो. ऐकलेलं मात्र त्यांना सगळं समजतं.

तशी आमच्यात बोलायची सवय कधी नव्हतीच. चौदा वर्षांपूर्वी मी औषधशास्त्र शिकायला शहरात निघाले तेव्हा आप्पा दुधाच्या गाडीतून स्टेशनवर सोडायला आले. सगळा रस्ता एक शब्द नाही. उतरताना म्हणाले, "मागं कॅन हलतायत," आणि ते बघायला गेले. "राहा" म्हणाले नाहीत, "जा" म्हणाले नाहीत. आई असेपर्यंत दर रविवारी फोन व्हायचा. शेवटी ती म्हणायची, "हे शेजारीच आहेत, देऊ का?" मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज, थोडा श्वास, आणि परत आईच. तिचं म्हणणं होतं की यांना तोंड दिलंय ते फक्त जेवायला. ती जाऊन सहा वर्षं झाली. रविवारचा फोन मी चालू ठेवला. आता मावशी उचलते.

मावशी नात्यातली नाही. एकोणीस वर्षं ती आमच्या गोठ्यात धारा काढते. बावीस गाई, मावशी आणि आप्पा, एवढंच घर राहिलंय.

१७ ऑगस्ट

गोठ्यामागची पेंडीची खोली साफ केली. दहा वर्षं मी इस्पितळाच्या औषधविभागात आहे. तिथला पहिला नियम, लेबल नसलेली वस्तू टेबलावर राहत नाही. इथे कोपऱ्यात एक पिंप होतं, अर्धं भरलेलं. चिठ्ठी नाही, तारीख नाही. आत राखाडी ढेकळं, आंबूस-गोड वास आणि मधेमधे निळे ठिपके. बुरशीच ती.

मावशी म्हणाली, आप्पा रोज सकाळी त्यातलं डबीभर प्रत्येक गाईच्या पेंडीत घालायचे. ते पडल्यापासून ती घालतेय.

"पण आहे काय ते?"

"औषधच असणार. ते स्वतःच कालवायचे. मी कशाला विचारू?"

पिंप उकिरड्यावर रिकामं केलं, धुऊन उन्हात उपडं घातलं. बाजारातून गुरांची कॅल्शियम पावडर आणली. छापील पिशवी, तारीख, बॅच नंबर, सगळं जागच्या जागी. पांढरीशुभ्र. मावशीला सांगितलं, आता हे, आणि एकाऐवजी दोन डब्या.

आप्पा खाटेवरून खिडकीतून बघत होते. एकदम ओरडायला लागले, उद्या, उद्या, उद्या. डाव्या हाताने खाटेची दांडी बडवली. जवळ गेले तर माझं मनगट असं धरलं की वळ उठले. मी केलेलं अजूनही त्यांना काही पटत नाही. रक्तदाब मोजला, थोडा वाढला होता.

२९ ऑगस्ट

तिकीट पुढे ढकललं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, पहिले तीन महिने महत्त्वाचे. तीन महिने तर तीन महिने. त्यापलीकडे एक दिवस नाही.

२० सप्टेंबर

माळ्यावर आप्पांच्या गाईंच्या वह्या सापडल्या. अकरा वर्षांच्या, रोजच्या. एवढे शब्द त्यांच्याकडे होते याचंच नवल वाटलं. अर्थात शब्द म्हणजे काय, "९ नं. माज, सकाळी. संध्या. भरवली." "१४ नं. व्याली. कालवड. वार ५ तासांत." मावशीने गाईंना सरकारीणबाई, हळवी, नकटी अशी नावं ठेवलीत. आप्पांच्या वहीत फक्त नंबर.

मधेमधे एक नोंद येते, "फोन. बरी आहे." तिला नंबर नाही. नेहमी रविवारी. एका जागी "फोन नाही" असं आहे आणि पुढचे दोन दिवस कोरे आहेत. एखादी गाय कुणाकडे सांभाळायला दिली असावी आणि तो माणूस आठवड्याला खुशाली कळवत असावा. गाईच्या बाबतीत आप्पा एवढे हळवे असतील असं वाटलं नव्हतं. बाकी कुणाच्या बाबतीत नव्हते.

८ नोव्हेंबर

गोठ्यात काहीतरी बिनसलंय. मी आल्यापासून सहा गाई रेतन करून भरवल्या. सहाही उलटल्या, म्हणजे एकवीस दिवसांनी परत माजावर. रेतन करणारा माणूस मोटारसायकलवर येतो, काम करतो, हात धुतो, "होतं असं कधीकधी" म्हणतो आणि जातो. हे वाक्य त्याने सहा वेळा म्हटलंय. आता तीन आठवडे त्याला बोलवायचीच वेळ आलेली नाही. एकही गाय माजावर येत नाही.

आणि भिंत चाटतात. दोन नंबरने गिलावा खाऊन वीट उघडी केली. काल सात नंबरच्या तोंडातून मावशीने माझा हातरुमाल ओढून काढला. "खोड लागलीय," मावशी म्हणाली. मी भिंतीला फळ्या ठोकून घेतल्या.

आप्पा आता काठी टेकत गोठ्यापर्यंत चालतात. पहाटे साडेपाचलाच उठून बसतात. दारातल्या खुर्चीत शाल गुंडाळून तासभर गाई बघतात, आणि पेंड घालायची वेळ झाली की काठीने गव्हाण ठोकायला लागतात. गव्हाण त्यांना घाण वाटत असणार. रोज घासून घेते. तरी ठोकतात.

तीन महिने होत आले. तिकिटाचं अजून बघितलं नाही.

२८ डिसेंबर

नऊ नंबर काल दुपारी व्याली. वासरामागून पडायची वार पडली नाही. आप्पांच्या वहीत पाच तास, सात तास असं असतं. आज सकाळपर्यंत ती तशीच लोंबत होती आणि गाईच्या अंगात ताप. गुरांच्या डॉक्टरबाईंना फोन केला. आधीचे डॉक्टर निवृत्त झाल्यावर या बदलून आल्यात. बुटक्या, मोठ्या आवाजाच्या, खांद्यापर्यंत हातमोजा. मावशी वार ओढायला पुढे झाली तर म्हणाल्या, "हात लावायचा नाही. तुमचं कुणी असं ओढलं तर चालेल का?" इंजेक्शनं दिली.

मग गोठाभर फिरल्या. "या फळ्या कशाला?"

"भिंत चाटतात म्हणून."

"म्हणजे चूक भिंतीची," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. काळ्या गाईंच्या डोळ्यांभोवतीचे केस बोटांनी मागे सारून मला दाखवले. तपकिरी पडलेत, चष्मा लावल्यासारखे. मी रोज बघते त्या गाई, मला दिसलं नव्हतं.

दुपारपर्यंत सगळ्या तपासल्या. बावीसांत चार गाभण, आणि चारही आप्पा पडायच्या आधीच्या. बाकीच्या बहुतेकींचा बीजांडकोश वाटाण्याएवढा, कामच बंद. सहा जणींचं रक्त नेलंय.

११ जानेवारी

हे लिहायला नको वाटतंय, म्हणून आधी तेच लिहिते.

डॉक्टरबाई अहवाल घेऊन आल्या. स्वयंपाकघरात चहा घेत वाचून दाखवला. "कॅल्शियम भरपूर. फॉस्फरस हवा त्याच्या निम्म्यावर. तांबं नावाला. जस्त, कोबाल्ट, तीच गत. पेंडीत काय घालताय?"

मी पिशवी आणून दाखवली.

"हा नुसता चुना. विष नाही, पण नुसता चुना ओतत राहिलं की फॉस्फरसचं गणित बिघडतं, आणि बाकीचं तर यात नाहीच. दूध देतात बिचाऱ्या, स्वतःच्या हाडांतून काढून. वासराचा विचार शरीर सगळ्यात शेवटी करतं. वडील काय घालायचे?"

"राखाडी होतं. निळे ठिपके होते त्यात."

"मोरचूद. तांबं असतं त्यात. गोड वास येत असेल, मळीत कालवत असतील, नाहीतर गाई खात नाहीत. कुठे आहे ते?"

मी सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरं. मग निदान कारण तरी सापडलं." तेवढंच. मला त्या तेवढ्यासाठी फार आवडल्या.

मावशीला विचारलं, तुला खटकलं नाही का? ती म्हणाली, "वाटलं होतं. पण ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला ठाऊक असणार म्हटलं."

दहा वर्षांत माझ्या हातून एक चुकीची गोळी गेलेली नाही.

संध्याकाळी आप्पांच्या समोर स्टुलावर बसले. म्हटलं, "त्या पिंपात काय होतं ते आज कळलं. मी फेकलं. तुम्ही सांगत होतात."  त्यांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला, तेव्हा वळ उठले होते तिथे. या वेळी नुसता ठेवला. "उद्या," म्हणाले.

मला वाटत होतं कुणीतरी मला रागवावं. नीट, पूर्ण वाक्यांत. त्यांनीच.

२ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी दिलेलं खनिज मिश्रण, गाईला पन्नास ग्रॅम. मी तराजूवर मोजते. जास्त घातलं तर लवकर गुण येईल का, असं मावशीने विचारलं. "तांबं जास्त झालं तर गुण यायला गायच उरणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पिंपावर मोठं लेबल चिकटवलंय.

आप्पा मोजताना बघत होते. मग पिंपात डावा हात घातला, मूठ भरली आणि तराजूत सोडली. अठ्ठेचाळीस. डोळे बारीक करून चिमूटभर आणखी टाकलं. पन्नास. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं. एकाच बाजूचा ओठ हलतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी

भिंत चाटणं थांबलं. फळ्या काढल्या.

इस्पितळाचं पत्र आलं. बिनपगारी रजा जूनअखेर, नंतर जागा भरतील. दुपारी दादाचा फोन. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक चांगली जागा आहे, नर्स असतात, बाग आहे. आणि एक मोठा गोठेवाला सगळ्या गाई एकदम न्यायला तयार आहे. त्याला जुलैत उत्तर हवंय.

"तू किती दिवस तुझं आयुष्य थांबवून ठेवणार?" दादाने विचारलं. त्याचं चुकत नाही. तो वाईट नाही, लांब आहे.

"बघू ना," मी म्हटलं.

"काय बघणार?"

"गाभण राहतात का."

"आणि राहिल्या तर?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. चुलीवर काही नव्हतं.

संध्याकाळी माझी शहरातली खोली आठवून बघितली. खिडकी आठवली. खिडकीतून काय दिसतं ते आठवेना.

१६ मार्च

सहा आठवडे झाले, एक गाय माजावर नाही. हंबरत नाहीत, एकमेकींवर चढत नाहीत, काही नाही. पहाटे मी आणि आप्पा दारात बसतो. ते खुर्चीत, मी उंबऱ्यावर. गाई रवंथ करतात. इतक्या निवांत असतात की राग येतो. एखादीने तरी कान हलवून सांगावं की काहीतरी चाललंय आत.

आज आप्पांनी पाच नंबरवर काठी रोखली आणि धरूनच ठेवली. बघितलं तर शेपटीला काहीतरी चिकट लागलेलं. बादलीभर पाणी मारून स्वच्छ धुतली. तरी काठी खाली येईना. स्वच्छतेचं त्यांना हे नवीनच लागलंय.

२० मार्च

आज आप्पांनी अकरा नंबर धुवायला लावली.

माझं खरं काय ते लिहायला ही वही आहे, पण ते इथेही लिहवत नाही. एवढंच लिहिते की पहाटेच्या त्या तासाची मी आदल्या दिवसापासून वाट बघते. आम्ही काही बोलत नाही. पूर्वीही बोलत नव्हतो. पण तेव्हा ते उठून जायचे.

२७ मार्च

डॉक्टरबाईंनी आज परत तपासणी केली. पाच नंबरमध्ये हात घातला आणि थांबल्या. "ही माजावर येऊन गेली. दहा-बारा दिवस झाले. भरवली का नाही?"

"आली नाही. मी रोज बघते."

अकरा नंबर. "हीसुद्धा. आठवडा झाला असेल. अहो, गाई सुरू झाल्यात तुमच्या. मुका माज आहे हा. आत सगळं चालू होतं, बाहेर दाखवत नाहीत. अशक्त गाय सुधारायला लागली की आधी असंच होतं. आवाज नाही, उड्या नाहीत. शेपटीखाली काचेसारखा सोट तेवढा दिसतो, तोही दिसला तर."

"म्हणजे चिकट?"

"चिकट, पारदर्शक. का?"

मी धावत जाऊन ही वही आणली. सोळा मार्च, पाच नंबर धुतली. वीस मार्च, अकरा नंबर धुतली. डॉक्टरबाईंनी दोन्ही तारखा बोटांवर मोजल्या. मग खुर्चीतल्या आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही माज धुऊन टाकलात," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच हसल्या, इतक्या मोठ्याने की नऊ नंबर दचकली. आप्पाही हसले. आता मला खात्री आहे. एका बाजूने का होईना, हसलेच.

मी पण हसले. मग पेंडीच्या खोलीत जाऊन रडले. आठ महिने ते सांगतायत आणि मी घासतेय.

६ एप्रिल

सोळा मार्चमध्ये एकवीस मिळवले की आजचा दिवस येतो. पावणेसहाला आप्पांनी पाच नंबरवर काठी उचलली. गाय नुसती उभी, डोळे अर्धवट मिटलेले. शेपटी बाजूला केली तर सोट, काचेच्या दोऱ्यासारखा. सकाळी दिसला की संध्याकाळी भरवायची. रेतनवाला आला, गाईभोवती एक चक्कर मारली.

"कुठाय माज? ही तर ढिम्म आहे."

"आहे," मी म्हटलं. "आप्पा म्हणतायत."

"म्हणतायत?" त्याने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी काठी जमिनीवर आपटली. त्याने मुकाट्याने हातमोजा चढवला.

नंतर मी आप्पांना विचारलं, कसं कळतं तुम्हाला?  ते नुसते गाईकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. बघताना त्यांचा सगळा चेहरा पुढे येतो. गाईच्या कातडीवरून एक शहारा गेला तरी तो त्यांच्या तोंडावर उमटतो. असं कुणी माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. आठवायला मी तेव्हा मान वर करून बघायला हवं होतं.

११ एप्रिल

अकरा नंबर काल, तीन नंबर आज. दोन्ही आप्पांनी ओळखल्या. मी एकही नाही. मला गाय दिसते, त्यांना दिवस दिसतो.

२५ एप्रिल

आप्पांच्या वहीत आता नोंदी मी करते, त्यांच्याच पद्धतीने. आज धार काढता काढता मावशीला विचारलं, ती रविवारच्या फोनवाली गाय कुठली गं? कुणाकडे दिली होती?

मावशीने बादली खाली ठेवली. "कुठली गाय?"

"ही बघ. फोन, बरी आहे. अकरा वर्षं चाललंय."

 "ताई," ती म्हणाली, "ती गाय नव्हे." आणि परत धारेला बसली, माझ्याकडे पाठ करून. ते बरंच केलं तिने. बसल्या बसल्या म्हणाली, "आई गेल्यापासून फोन झाला की मी यायची गोठ्यात. काय म्हणाली, असं कधी विचारलं नाही त्यांनी. हातातलं काम थांबवायचे तेवढं. मी म्हणायची, बरी आहे. मग परत कामाला."

"फोन नाही" लिहिलंय त्या रविवारी मी मैत्रिणींबरोबर फिरायला गेले होते. विसरले होते. सोमवारीही केला नाही. वाटलं, कुणाला काय फरक पडतो.

९ जून

अकरा गाई भरवल्या. तीन उलटल्या. आठ जणींचे एकवीस दिवस गेले, बेचाळीस गेले. मी रोज पहाटे बघते की आप्पांची काठी त्या आठांपैकी कुणावर उठते का. उठत नाही. काठी उठू नये म्हणून एवढी वाट बघेन असं वाटलं नव्हतं.

इस्पितळाकडून पंधरा दिवस आणखी मागून घेतलेत. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, "नक्की येताय ना?" मी म्हटलं, हो. माझा आवाज मलाच औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचल्यासारखा वाटला.

आप्पा आता डाव्या हाताने वहीत आकडा काढतात. कालचा पाच उलटा होता.

१२ जुलै

डॉक्टरबाई सकाळी आठला आल्या. मावशीने गाई ओळीने बांधल्या. आप्पा खुर्चीत. मी हातात वही आणि पेन घेऊन उभी होते.

पाच नंबर. हात आत, डोळे छताकडे. "गाभण."

अकरा नंबर. "गाभण."

तीन नंबर. हात आत चाचपतच राहिला. मावशीने माझा दंड धरला. "थांबा जरा… हं, आहे. लपून बसलंय."

आठांपैकी आठ. डॉक्टरबाईंनी मोजा काढून उलटा केला आणि आप्पांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "काका, आतलं बघायचं मशीन आणायचं तर लांबून आणावं लागतं. तुम्ही उधार मिळाल का?" आप्पांनी तोंड फिरवलं. लाजले.

दुपारी दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "छान झालं. आता गोठेवाल्याला सांगायला बरं. गाभण गाई म्हणजे तो खूश होईल."

मी म्हटलं, "दादा, नको सांगूस."

"म्हणजे?"

"मी राहते."

बोलून झाल्यावर कळलं की किती दिवस ते तोंडात होतं.  दादाने हळू विचारलं, "इस्पितळ? तुझी खोली?"

"खोलीत दोन खोकी आहेत आणि एक पलंग."

"दमशील."

"दमतेच आहे."

"आणि आप्पांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं. एवढी मोठी झाले, पण या घरात राहू का असं मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. आणि ते कधी म्हणाले नाहीत.

फोन ठेवला आणि मागच्या अंगणात गेले. तिथल्या बाजेवर ते बसले होते, उन्हाकडे पाठ करून. मी समोर उभी राहिले. काय वाक्य बोलायचं ते जिना उतरताना ठरवलं होतं, ते राहिलंच. म्हटलं, "आप्पा, मी इथे राहू? कायमची?"

त्यांनी मान वर केली. ओठ हलले. नेहमीचा शब्द आला, तो त्यांनी हात हलवून बाजूला सारला. परत प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या. कपाळावर घाम आला. मी म्हणणार होते, राहू दे आप्पा, नका त्रास घेऊ. बोलले नाही. आजवर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्हा दोघांपैकी कुणीतरी नेहमी उठून गेलंय.

त्यांनी डाव्या हाताने उजवा पाय उचलून पलीकडे ठेवला. बाजेवर थोडी जागा झाली.

"बस," म्हणाले.

वर्षात पहिल्यांदा दुसरा शब्द. बस म्हणजे बैस, की बस म्हणजे पुरे झालं तुझं, ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टर म्हणतील की त्यालाही अर्थ नसतो.

मी बसले. बाज मधे खोल गेलीय, त्यामुळे खांद्याला खांदा लागला, तो त्यांनी काढून घेतला नाही. धारांची वेळ होईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.